ब्लँकेटखालचा नमुना

"आज माझ्या लेकरावर किती उंचीवरून टाकणार आहेस?" गुरुवारी सकाळी कॉफी ढवळत ऑब्री किवित यांनी मुलीला विचारलं.

"नियमात लिहिलंय तेवढ्या," डेलिया पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

"नियम लिहिणारा कधी होडीत ओकलाय का गं?"

"ते त्यानं लिहिलेलं नाही, डॅडी."

"मग अर्धाच लिहिलाय नियम." एवढं बोलून त्यांनी खिशातून जुनं पाच रँडचं नाणं काढलं, टेबलावरच्या पावावर टकटक केली, पाव आतून नीट भाजलाय याची खात्री करून घेतली आणि मगच सुरी उचलली.

लेकरू बाहेर पिकअपमध्ये होतं. डेलिया तान्ही असताना जिच्यात गुंडाळली जायची त्याच पिवळ्या शालीत गुंडाळलेलं. काचेच्या तंतूंचं कापड थरावर थर अंथरून, प्रत्येक थर रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून, रोलरनं त्यातली हवा काढून केलेला पाटाएवढा चौकोनी तुकडा. केपटाऊनच्या बंदराजवळ होड्या बांधणारी जेवढी यार्डं होती, ती सगळी आपापल्या होड्यांचे असे नमुने डेलियाच्या चाचणी केंद्रात पाठवत. डेलिया ते पोलादी चौकटीत आवळायची आणि मनोऱ्यावरून गोल डोक्याचं लोखंडी वजन त्यांच्यावर सोडायची. जिथे आपटलं तिथे लाल शाई फासायची. शाई झिरपून मागच्या बाजूला आली तर नमुना नापास. आली नाही तर पास, आणि मग त्या जातीची होडी धक्क्यावर आदळली, ओंडक्यावर चढली, खडकाला घासली तरी आतली माणसं कोरडी राहतील, असं प्रमाणपत्र मिळायचं.

लूबसर यार्डाचा नमुना कधीच नापास झाला नव्हता. तो ऑब्री करायचे.

ऑब्री म्हणजे त्या यार्डातला सगळ्यात चांगला हात. एके काळी ते होड्याच करायचे. मग मालकाच्या, हेन्नी लूबसरच्या डोक्यात प्रकाश पडला. होडी विकली की समुद्रात जाते आणि दिसेनाशी होते. नमुना मात्र थेट तपासणाऱ्याच्या टेबलावर जातो. चांगला हात कुठे लावायचा हे उघडच होतं. ऑब्रींना बढती मिळाली. स्वतंत्र खोली मिळाली, हीटर मिळाला, हवेतला ओलावा शोषणारं यंत्र मिळालं आणि दारावर नावाची पाटी लागली. त्या खोलीत सर्दी झालेल्या माणसाला प्रवेश नव्हता. इस्त्रीचा डगला घालून ऑब्री आत जात आणि थर देताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

शेजारच्या शेडमध्ये, जिथे होड्या होत, तिथे जूनच्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातल्या, पावसात छत गळायचं आणि खाली बादल्या मांडलेल्या असायच्या. शुक्रवारी दुपारी तर घरी जायची टॅक्सी भरायच्या आत थर उरकायचे म्हणून रेझिन घट्ट करणारं हार्डनर डोळ्यांनीच मोजलं जायचं, आणि ज्याचे डोळे मोजत असायचे त्याचंही लक्ष टॅक्सीकडेच असायचं.

जी वस्तू फोडायचीच आहे ती राजपुत्रासारखी वाढवायची आणि जिच्यात माणसं बसणार ती अनाथासारखी सोडून द्यायची, ही पद्धत एकट्या लूबसरची होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. बंदराजवळच्या प्रत्येक यार्डात एकेक ऑब्री होता. बाकीच्यांचे ऑब्री इतके चांगले नव्हते, एवढाच फरक.

हे सगळं डेलियाला ठाऊक होतं. नोकरीला लागली त्या वर्षीच तिनं केंद्राचे प्रमुख डॉ. न्कोबो यांना भीत भीत विचारलं होतं, की आपण होडी का तपासत नाही? डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मिस किवित, आपण तुकडा तपासतो. होडी तपासायचं काम समुद्राचं." प्रत्येक अहवालाच्या तळाशी एक वाक्य छापलेलं असायचं, 'हे निष्कर्ष केवळ केंद्राकडे आलेल्या नमुन्याला लागू आहेत.' डेलियानं आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं. इतकं भित्रं आणि इतकं निर्दोष वाक्य तिला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. त्याच्याखाली ती सही करायची.

त्या गुरुवारीही तसंच झालं. ऑब्रींनी नमुना स्वतः उचलून आणला, शाल सोडली आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेघेमागे टोपी काढून उभे राहिले. वजन सुटलं. धप्प असा आवाज आला आणि मनोरा क्षणभर थरथरला. नमुन्याच्या मधोमध बशीएवढा पांढुरका खड्डा पडला. मागची बाजू कोरडी होती.

ऑब्री पुढे झाले आणि खड्ड्याच्या भोवती नाण्यानं वाजवत गेले. टक, टक, टक. या धंद्यात सगळेच असं वाजवतात; थर एकमेकांना धरून असले तर आवाज खणखणीत येतो, आत कुठे सुटले असले तर थप्प वाजतं. ऑब्रींना ते व्यसनच होतं. कलिंगड, दरवाजे, दुसऱ्यांच्या गाड्या, एकदा तर प्रार्थना चालू असताना चर्चमधला बाक.

"ऐकलंस? घंटा आहे घंटा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की डेलियाला दुसरीकडे बघावंसं वाटलं. तिच्या तोंडात दोन शब्द अगदी पुढच्या दातांपर्यंत आले होते. आणि होडी?

"पास," ती म्हणाली.

फुटके नमुने ऑब्री घरी न्यायचे. रिट्रीट या उपनगरातल्या त्यांच्या घराचं कुंपण, कोंबड्यांचं खुराडं, मागच्या अंगणातला बाक, मांस भाजताना वारा अडवायचा आडोसा, सगळं नमुन्यांचं होतं आणि प्रत्येकाच्या मधोमध एक गोल खड्डा होता. कोंबड्या त्या खड्ड्यांत साचलेलं पाणी प्यायच्या. एखादं जहाज वाट चुकून रिट्रीटमध्ये शिरलं असतं तर कोंबड्यांना ओरखडा उठला नसता.

त्या संध्याकाळी ते सोफ्यावर उशी लावत होते.

"डॅडी, पलंगावर झोपा की. गेल्या आठवड्यापासून पाठ धरलीय म्हणताय."

"पलंगावर तो आहे."

तो म्हणजे पुढचा नमुना, बचाव पथकाच्या नव्या होड्यांसाठी केलेला. हिवाळ्यात रेझिन पक्कं व्हायला ऊब लागते, आणि लूबसरनं रात्री हीटर चालू ठेवायला मनाई केली होती. म्हणून ऑब्री नमुने घरी आणून आपल्या अंथरुणात, इलेक्ट्रिक ब्लँकेटखाली झोपवायचे.

"तुमच्यापेक्षा त्याची जास्त काळजी."

"मला कोण तपासणार आहे, पोरी?" ते हसले. "हा खास आहे. यात बसणारी माणसं दुसऱ्यांना बुडताना काढायला जाणार. लूबसरला म्हटलं, निदान ही एक होडी मला करू दे. तो म्हणाला, ऑब्री, तुझा हात फार मोलाचा आहे, होडीवर कशाला वाया घालवतोस?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? थँक यू म्हणालो."

डेलियानं दार ओढून घेतलं आणि वाचत पडली. कुठलं पुस्तक होतं ते तिला नंतर आठवेना.

सकाळी कॉफीचा वास आला नाही. ऑब्री सोफ्यावर कुशीला वळून पडले होते, एक पाय खाली लोंबत होता, आणि हृदय कधी बंद पडलं ते त्यांनी नेहमीच्या सभ्यपणानं कुणाला कळू दिलं नव्हतं. आतल्या खोलीत पलंगावर नमुना मानेपर्यंत पांघरून उबेत झोपला होता.

ब्लँकेटचं बटण बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. अंत्यविधीपर्यंत ते चालूच राहिलं. मधे मधे वीजकपात व्हायची तेवढीच काय ती नमुन्याला विश्रांती.

"फळी पलंगावर आणि माणूस सोफ्यावर!" ऑब्रींची बहीण मेव्हिस आंटी आल्या आल्या ओरडली. "माझा भाऊ साधा होता हे माहीत होतं. इतका?" मग तिनं डेलियाकडे वळून पाहिलं. "आणि तू रडत का नाहीस गं? लोकं काय म्हणतील?"

"चहा देऊ का, आंटी?"

"दे. साखर जास्त घाल. मी रडलेय."

चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी ऑब्रींच्या धंद्याची माहिती कुणाकडून तरी घाईघाईनं मिळवलेली दिसत होती. आपण सगळे तंतू आहोत आणि प्रभूचं प्रेम हे रेझिन आहे, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या बाकावर यार्डातली माणसं बसली होती. त्यांतल्या डोनोव्हाननं शेजाऱ्याला विचारलं, "मग हार्डनर कोण?" डेलियानं ओठ दाबून धरले. मागच्या बायकांना वाटलं, आता रडेल. त्यांनी रुमाल पुढे केला.

शवपेटी उचलण्याआधी यार्डातली माणसं एकेक करून पुढे आली. पहिल्यानं पेटीवर हात ठेवला आणि सवयीनं बोटाच्या पेरानं वाजवलं. टक. दुसऱ्यानंही वाजवलं. तिसऱ्यापर्यंत येईतो तो जणू विधीच झाला. डोनोव्हाननं तर नाणं काढलं, पायाच्या बाजूनं वाजवत डोक्यापर्यंत गेला, डाव्या कोपऱ्यात थबकला आणि पुन्हा वाजवलं.

"इथं सुटलंय," तो हळूच म्हणाला.

"काय सुटलंय?" पेटीवाला तडकला. "नवी कोरी पेटी आहे! ओकची!"

"ओक वरनं आहे. आत भुसा आहे दाबलेला. ऑब्री अंकलना लगेच कळलं असतं."

"अरे मेलेल्या माणसासाठी आहे, त्याला काय समुद्रात जायचंय?" मेव्हिस आंटीनं दोघांनाही झापलं. पण पुढे आली तेव्हा तिनंही बोटातल्या अंगठीनं हळूच एकदा वाजवून पाहिलं.

जेवण घराच्या मागच्या अंगणात होतं. हेन्नी लूबसर काळ्या सूटमध्ये खड्डेवाल्या बाकावर बसला होता आणि समोसा खाता खाता डोळे पुसत होता. "ऑब्री म्हणजे आमच्या यार्डाचा आत्मा," तो डेलियाला म्हणाला. "आमच्या प्रत्येक होडीत तो आहे. प्रत्येक." त्यानं बोटं रुमालाला पुसली. "बाय द वे, डेलिया. विचारायची ही वेळ नाही, पण... त्यानं मागे काही ठेवलंय का?"

"हे घर. कोंबड्या."

"तसं नाही गं. बचाव पथकाचा नमुना. खोलीत नाही सापडला. तो करून ठेवला म्हणाला होता."

"तो झोपलाय," मेव्हिस आंटी म्हणाली. "उठवू?"

इतक्यात एक उंच, उन्हानं रापलेला माणूस ताट सांभाळत आला. हा ग्रँट फोर्टुइन, शाळेत गणित शिकवायचा आणि कुणी बुडतंय असा फोन आला की वर्ग सोडून बचाव पथकाची होडी घेऊन लाटांत शिरायचा. त्याच्यासारखीच सगळी हौशी माणसं त्या पथकात होती. "मिस किवित, तुमच्या डॅडींच्या हातची होडी मिळणार म्हणून आमची पोरं अगदी नाचतायत," तो म्हणाला. "आधीच्या होडीनं फार छळलं हो. प्रत्येक लाटेला वाटायचं, आता गेली."

डेलियानं त्याच्या ताटात आणखी एक समोसा वाढला.

लूबसरचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन नमुना घेऊन गेला. शाल मात्र डेलियानं ठेवून घेतली.

श्रद्धांजलीची कल्पना लूबसरचीच. बचाव पथकाच्या नव्या होड्यांतल्या पहिल्या होडीला ऑब्रींचं नाव द्यायचं, ऑब्रींच्या शेवटच्या नमुन्याची चाचणी सगळ्यांसमोर करायची आणि वजन सोडायची दोरी ऑब्रींच्या मुलीनं ओढायची. डॉ. न्कोबोंना आधी हे नियमात बसेल का अशी शंका आली. मग नियमात असं करू नये असंही कुठे लिहिलेलं नाही हे ध्यानात आलं आणि ते नवा टाय लावून आले. चाचणीच्या हॉलमध्ये ऑब्रींचा मोठा फोटो लावला होता. टेबलावर कुक्सिस्टर, तळलेल्या पिठाच्या गोड वेण्या, पाकात निथळत होते. पथकाची माणसं लाल जाकिटं घालून ओळीनं उभी होती, आणि मेव्हिस आंटी पहिल्या खुर्चीत टोपी घालून बसली होती, लग्नाला आल्यासारखी.

होडी बाहेर आवारात ट्रेलरवर उभी होती. लाल आणि पांढरी, आरशासारखी चकचकीत. पुढच्या बाजूला निळ्या अक्षरांत नाव, 'ऑब्री के.' समारंभाला थोडा वेळ होता म्हणून डेलिया बाहेर गेली. वडिलांचं नाणं तिच्या कोटाच्या खिशात होतं. तिनं वाकून तळाशी, जिथे होडी पहिल्यांदा खडकाला लागते तिथे, वाजवायला सुरुवात केली. टक. टक. थप्प. ती थांबली. हातभर सरकून पुन्हा वाजवलं. थप्प. थप्प. टक. थप्प.

"काय म्हणतेय?" मागून फोर्टुइननं हौसेनं विचारलं. वर्गात एखाद्या पोराचं गणित बरोबर येतंय का ते बघावं तसा तो वाकून बघत होता.

डेलिया सरळ झाली. "तुम्ही कधी नेणार हिला समुद्रात?"

"आज कागद मिळाला की शनिवारी! वारा पडतोय म्हणतात."

आत लूबसरचं भाषण सुरू झालं होतं. ऑब्री किती नम्र, ऑब्री किती निष्ठावान, ऑब्रीनं कधी जास्त काही मागितलं नाही. हे शेवटचं लूबसर इतक्या मनापासून बोलला की त्याचा आवाज चिरकला. नमुना चौकटीत आवळलेला होता. इतका सुंदर नमुना डेलियानं पाहिला नव्हता. एकही बुडबुडा नाही, उजेडात धरला तर कापडाचा प्रत्येक धागा आपल्या जागी. आयुष्याची शेवटची रात्र सोफ्यावर काढून केलेला.

"तर ऑब्री आज आपल्यात नाही," लूबसर म्हणाला, "पण आमच्या प्रत्येक होडीत, त्या बाहेर उभ्या असलेल्या होडीच्या प्रत्येक थरात, तो आहे! डेलिया, ओढ दोरी."

टाळ्या झाल्या. फोटोवाला गुडघ्यावर बसला. मेव्हिस आंटीनं कानांवर हात ठेवले. डेलियानं दोरी हातात घेतली, पण तिचे डोळे पिवळ्या रेघेमागच्या मोकळ्या जागेवर गेले, जिथे टोपी हातात धरून एक माणूस उभा राहायचा.

तिनं दोरी सोडून दिली. दोरी मनोऱ्याच्या खांबावर हलकेच आपटत राहिली.

"आणि होडी?" ती म्हणाली.

"काय गं?" लूबसर अजून हसतच होता.

डॉ. न्कोबो खाकरले. "मिस किवित, नमुना तयार आहे. आपण तुकडा..."

"तुकडा तपासतो. माहीत आहे, डॉक्टर." तिचा आवाज चढला नव्हता, पण हॉल रिकामा असावा तसा तो भिंतीपर्यंत गेला. "हा तुकडा चांगला आहे. यावर वजन टाकायची गरज नाही, हा मी घरी नेणार आहे. मिस्टर लूबसर, माझे वडील तुमच्या होडीत नाहीत. त्यांनी मागितली होती ती होडी, तुम्ही दिली नाहीत. तुम्ही बढती दिल्यापासून तुमच्या एकाही होडीला त्यांचा हात लागलेला नाही. जेवढा होता तेवढा सगळा या चौकटीत आहे."

"डेलिया, तू दुःखात आहेस..."

"हो, आहे."

मेव्हिस आंटीनं कानांवरचे हात काढले. "बोल गं पोरी, मला ऐकू येतंय."

फोर्टुइनचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. बाहेर ऐकलेले ते आवाज, टक आणि थप्प, तो आता मनात पुन्हा मोजत असावा. त्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग आम्ही काय करायचं, मिस किवित?"

डेलियानं खिशातलं नाणं काढून त्याच्या हातात ठेवलं.

"बाहेर जा आणि तळाला वाजवत जा. जिथे थप्प वाजेल तिथे खूण करा," ती म्हणाली, आणि मग लूबसरकडे वळून, इतकी वर्षं पुढच्या दातांमागे अडलेलं ते स्वच्छ बोलली. "आणि तुम्ही करवत आणा. त्या खुणेवरून मला होडीचा तुकडा कापून द्या. मी त्याच्यावर वजन टाकते."